लॅटिनमध्ये जेवलेली मुले

दोन वर्षांपूर्वी दहावीच्या निकालाच्या दिवशी माझी एक विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. संस्कृतमध्ये १०० पैकी ९८. आनंदाच्या भरात मी तिला दारातच म्हटले, "आगच्छ, उपविश. जलं पिबसि किम्?" ती हसली. मग तिच्या लक्षात आले की मी उत्तराची वाट पाहते आहे. तिचे डोळे वर गेले, ओठ हलले. पाठ केलेल्या रूपांच्या तक्त्यात ती 'पिबामि' शोधत होती हे मला दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "टीचर, असं आम्हांला कधी कुणी विचारलंच नाही."

तिला तीन वर्षे मीच शिकवले होते. धातू चालवणे, समासाचा विग्रह, श्लोकाचा अन्वय, सगळे तिचे चोख होते. कुणी पाणी विचारले तर हो म्हणणे तेवढे राहून गेले होते. संस्कृत हा आपल्याकडे गुण काढून देणारा विषय झाला आहे, आणि गुण काढून देणारी शिक्षिका म्हणून फोंड्यात माझे नाव आहे. त्या संध्याकाळी ते नाव मला नकोसे झाले.

गोव्यात आपण भाषेवरून साठ वर्षे भांडत आलो आहोत. मराठी की कोंकणी, देवनागरी की रोमी, मातृभाषा की इंग्रजी. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी माणसे रस्त्यावर आली, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ठरले तेव्हा पुन्हा आली. त्या मोर्चांत मीही चालले आहे आणि आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा चालेन. पण इतक्या सभा ऐकल्या, त्यांत भाषेला कोणते आसन द्यायचे यावर रात्री जागवल्या गेल्या. भाषा मुलाच्या तोंडात कशी येते यावर एक सबंध संध्याकाळ खर्च झालेली मला आठवत नाही. मला त्यावरच बोलायचे आहे, आणि त्यासाठी आधार घ्यायचा आहे तो आपल्याला परक्या वाटणाऱ्या दोन भाषांचा, लॅटिनचा आणि प्राचीन ग्रीकचा.

रोमपासून वीसेक किलोमीटरवर फ्रास्काती नावाचे टेकडीवरचे गाव आहे. तिथे व्हिला फाल्कोनिएरी या जुन्या वाड्यात 'आकादेमिया विवारियुम नोवुम' नावाची संस्था चालते. लुइजी मिराल्या या इटालियन अभ्यासकाने ती उभी केली. वेगवेगळ्या खंडांतले तरुण शिष्यवृत्तीवर तिथे येऊन वर्षभर राहतात, आणि राहतात ते एका अटीवर. आपसांत बोलायचे ते लॅटिनमध्ये, नाहीतर प्राचीन ग्रीकमध्ये. वर्गात बोलायचे हे तर झालेच. जेवणाच्या टेबलावर, बागेत फिरताना, अंगात ताप असताना, एकमेकांवर रागावताना सुद्धा तेच. होरेस आणि कॅटलस या रोमन कवींच्या कविता ती मुले चालीवर गातात. एकमेकांची मातृभाषा न येणारी दोन मुले तिथे सिसेरोच्या भाषेत मीठ मागतात.

मेलेल्या भाषेत मीठ मागून काय साधते, असा प्रश्न कुणीही विचारील. मीठ मागण्यासाठी तिथे कुणी जात नाही. जातात ते व्हर्जिल वाचण्यासाठी, प्लेटो वाचण्यासाठी. ज्याला एखाद्या भाषेत मीठ मागता येते, रुसता येते, 'थांब, मला सुचतंय' असे म्हणता येते, तो त्या भाषेतली ओळ मनात भाषांतर न करता वाचू लागतो, एवढाच त्यांचा दावा आहे. माझी ९८ गुणांची मुलगी मेघदूतातला श्लोक वाचताना आधी क्रियापद शोधते, मग कर्ता शोधते, मग विशेषणे ज्याची त्याला जोडते. अन्वय पुरा होईपर्यंत मेघ निघून गेलेला असतो.

विवारियुम म्हणजे जिवंत मासे राखायचे तळे. सहाव्या शतकात कासिओदोरुस नावाच्या रोमन मंत्र्याने इटलीच्या दक्षिणेला एक मठ बांधला. तिथे अशी तळी होती, त्यांवरून मठाला हे नाव पडले, आणि त्या मठात जुने ग्रंथ नकलून राखले गेले. गोव्याच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीच्या दारातून भरतीचे पाणी आत येते आणि त्या पाण्यात मासळी वाढते. आम्ही वर्गात जे संस्कृत देतो ते मीठ लावून सुकवलेले असते. ते टिकते, पण पोहत नाही.

लॅटिन माझ्या कानावर पहिल्यांदा पडले ते आजोळी, बार्देशात. मे महिन्याच्या सुट्टीत वाड्याच्या तोंडावरच्या पांढऱ्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, संध्याकाळी लदाईन, ख्रिस्ती शेजाऱ्यांची सामूहिक प्रार्थना, असायची. खुरसाला अबोलीच्या माळा, पायथ्याशी मेणबत्त्या, एखादे व्हायोलिन. पुढचा माणूस एकेक नाव घ्यायचा आणि सगळा वाडा एका सुरात म्हणायचा, "ओरा प्रो नोबिस." आम्ही हिंदूंची मुले मागच्या पायरीवर बसून तेच म्हणायचो, कारण शेवटी खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे मिळायचे. शेजारच्या आजींना आम्ही माय म्हणत असू. मी एकदा त्यांना विचारले, "माय, ह्याचो अर्थ कितें?" त्या म्हणाल्या, "अर्थ देवाक खबर, बाय. आमी म्हणपाचें." सुरुवातीला येणारे 'किरिए एलेइसोन' तर लॅटिनही नव्हे, ते ग्रीक. म्हणजे बार्देशच्या त्या वाड्यावर दोन प्राचीन भाषा दर मे महिन्यात मोठ्याने बोलल्या जात होत्या, आणि समजत मात्र एकही नव्हती. चौथीतल्या मुलीला हे कुठून कळणार!

अर्थ कळला तो चाळिशीत. एका निवृत्त, वृद्ध पाद्र्यांकडे मी पोर्तुगीज कागद वाचून घ्यायला जात असे. ते तरुणपणी सेमिनारीत होते तेव्हा मिस्सा अजून कोंकणीत आली नव्हती. व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट मोकळी करून दिली ती १९६३ च्या डिसेंबरात. त्याआधी तत्त्वज्ञानाचे तास लॅटिनमध्ये, पाठ्यपुस्तके लॅटिनमध्ये, तोंडी परीक्षाही लॅटिनमध्येच. ऐंशी ओलांडलेला तो माणूस पुस्तक न उघडता संत ऑगस्टिनची पाने म्हणायचा आणि मध्येच थांबून एखाद्या वाक्यावर प्रेमाने हसायचा. मी विचारले, "फादर, तुम्ही लॅटिन शिकलात कसे?" ते म्हणाले, "बाय, आमी लॅटीन शिकूंक ना. आमी लॅटीनांत जेवले." पहिले दोन महिने मुले टेबलावर गप्प असायची, कारण शब्दच नसायचे. हवे ते बोटाने दाखवायचे. नाताळापर्यंत थट्टा सुरू व्हायची. थट्टा सुरू झाली की भाषा आली असे त्यांचे गुरुजन धरत असत.

त्यानंतर जुन्या गोव्याच्या रस्त्यालगत एकटीच उभी असलेली सेंट पॉल कॉलेजची कमान मला वेगळी दिसू लागली. १५४१ च्या सुमाराला निघालेल्या सांता फे सेमिनारीतून हे कॉलेज वाढले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथेच चालू झाला. आशियातल्या आणि आफ्रिकेतल्या अनेक प्रदेशांतली मुले या एका छपराखाली राहत. पुढे १५९९ मध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने आपल्या सगळ्या शाळांसाठी जी नियमावली काढली, तिच्यात विद्यार्थ्यांनी शाळेत लॅटिनच बोलावे असा दंडक आहे. फ्रास्कातीत आज जे नवलाचे वाटते ते आपल्या तिसवाडीत चारशे वर्षांपूर्वी रोजचे होते.

इथे माझा हिंदू वाचक थांबणार, हे मला ठाऊक आहे. मीही थांबले होते. कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, ती काही हवापालटाला आली नाहीत. १५६० पासून १८१२ पर्यंत इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मचौकशीचे न्यायालय, होते. १६८४ च्या फर्मानाने लोकांना सांगितले की तीन वर्षांत कोंकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. ज्या कमानीचे मी आत्ता कौतुक केले, तिच्या आत गेलेल्या सगळ्याच मुलांना कुणी मर्जी विचारली असेल असे मी म्हणणार नाही. माझ्या सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी मला तोंडावर विचारले, "ज्यांनी देवळं पाडली त्यांची भाषा तू पोरांना शिकवणार?"

हा प्रश्न रागाचा आहे, पण हलका नाही. म्हणून त्याला उत्तरही पुरते द्यायला हवे.

आपल्यावर काय झाले ते ज्या कागदांत आहे, ते कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि चर्चच्या कारभाराचे व विद्येचे कितीतरी लेखन लॅटिनमध्ये आहे. आपल्या घरावर दरोडा पडला त्याचा पंचनामा दुसऱ्याने वाचून दाखवावा आणि आपण माना डोलवाव्यात, यात कसला अभिमान? ते कागद वाचायला आपली माणसे हवीत. शब्दकोश घेऊन एका ओळीला अर्धा तास घालणारी नकोत, वर्तमानपत्र वाचावे तशी वाचणारी हवीत. कोंकणी किंवा मराठी घरातला इतिहासाचा विद्यार्थी मोडी शिकतो आणि पोर्तुगीजही शिकतो, पण लॅटिनच्या उंबऱ्याशी येऊन परत फिरतो, हे मी पाहते आहे.

दुसरे असे की त्या भाषेतून आपल्याविषयी फक्त वैरच लिहिले गेले असे नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. चाळीस वर्षे इथेच राहिला. ख्रिस्तपुराणाच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या त्याने मराठीत रचल्या, त्या १६१६ मध्ये रायतूरला छापल्या गेल्या, आणि त्यांत फुलांमध्ये मोगरी तशी भाषांमध्ये मराठी असे त्याने म्हटले, हे आपण शाळेत शिकतो. पण १५८३ मध्ये त्याने आपल्या भावाला गोव्याहून एक पत्र पाठवले, ते फारसे कुणी शिकवत नाही. पत्र लॅटिनमध्ये आहे. त्यात तो सांगतो की इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानाला बरा लागतो, आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीकसारखी आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे प्रसिद्ध भाषण केले ते १७८६ मध्ये. त्याच्या आधी दोनशे वर्षे, साष्टीतल्या माणसांचे बोलणे ऐकत असलेल्या एकाच्या हे ध्यानात आले होते. का आले? कारण लॅटिन त्याच्या जिभेवर होते. तक्त्यातून शिकलेल्या माणसाला दोन भाषांचा सूर जुळलेला ऐकू येत नाही.

आणि 'होर्तुस मालाबारिकुस'ची गोष्ट तर मला चैन पडू देत नाही. मलबारच्या सातशेहून अधिक वनस्पतींचा हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला, आणि तो सगळा लॅटिनमध्ये आहे. त्याच्या निर्मितीत कोचीला राहणाऱ्या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट ही त्यांची नावे. गोव्यातून परागंदा झालेल्या समाजातली ही माणसे. नागरी लिपीत, कोंकणीत लिहिलेले त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. ज्ञान आपल्या वैद्यांचे, सही आपल्या वैद्यांची, आणि ग्रंथ मात्र आपल्याला बंद! केरळच्या के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घालून तो इंग्रजीत आणला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनशे वर्षांहून अधिक काळ ती नागरी सही लॅटिनच्या शेजारी वाचकाची वाट पाहत बसली होती. मला त्या सासऱ्यांच्या वयाच्या गृहस्थांना हेच सांगायचे होते. त्या दिवशी धीर झाला नाही, आज लिहिते आहे.

ग्रीकचे कारण याहून जुने आहे. 'पेरिप्लुस' हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याचे टिपण. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. आपल्या किनाऱ्याचे इतके जुने, गलबतावरून पाहिलेले वर्णन आपल्या स्वतःच्या भाषांत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेली तीन अक्षरे पर्यटक रोज पाहतात. ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरे आहेत.

नोकरीचा प्रश्न मी फार लांबवणार नाही. लॅटिनने नोकरी लागत नाही. आमच्या ९८ गुणांनीही लागत नाही.

"आधी मराठी वाचवा, मग लॅटिनकडे बघू" हा आक्षेप मात्र मला आतून लागतो, कारण तो माझाच आहे. मराठी शाळांचे पट आटत चालले आहेत. मराठी घरातला नातू आजीला इंग्रजीत उत्तर देतो आणि आजी कौतुकाने शेजारणीला सांगते. अशा वेळी पोरांना लॅटिन बोलायला शिकवणे म्हणजे घराला आग लागलेली असताना अंगणात रांगोळी काढणे नव्हे का? मी याचा बरेच दिवस विचार केला, आणि माझे उत्तर उलटे निघाले. लॅटिनच्या पाठीशी आज देश नाही, तिच्यातून चालणाऱ्या शाळांचे जाळे नाही, नोकऱ्या नाहीत, बोलणाऱ्या आया नाहीत. तरी एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभरात तिच्यात वाद घालू लागतो. मराठीपाशी हे सगळे आहे, आणि दहावीपर्यंत मराठी शिकलेले मूल दोन वाक्यांपुढे अडखळते. का, तर मराठीही आम्ही संस्कृतसारखीच शिकवतो. प्रश्नोत्तरे, समानार्थी शब्द, मार्गदर्शकातला निबंध. जी माणसे काही नसताना भाषा जगवतात त्यांच्याकडून काही असलेल्यांनी शिकावे, यात मला कमीपणा वाटत नाही.

त्यांची रीत काही गूढ नाही. डब्ल्यू. एच. डी. राउस हा शिक्षक जन्मला कलकत्त्यात, १८६३ मध्ये. १९०२ ते १९२८ तो केंब्रिजच्या पर्स स्कूलचा मुख्याध्यापक होता. तिथे पहिल्या दिवसापासून लॅटिन लॅटिनमधूनच शिकवायचे असे त्याने ठरवले आणि निभावले. हा माणूस विद्यापीठात संस्कृतही शिकवत असे. पुढे हान्स ओर्बेर्ग या डेन्मार्कच्या शिक्षकाने असे पुस्तक रचले की ज्यात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दुसरी भाषाच नाही. कुठले गाव कुठल्या देशात, नदी कुठली, बेट कुठले, इथून सुरुवात. मग एका रोमन कुटुंबाची गोष्ट, घरातली भांडणे, पळून गेलेला गुलाम. नवा शब्द आला की त्याचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांतूनच उमगतो. वाचक चढत चढत कवितेपर्यंत जातो. आपल्याकडे संस्कृत भारतीने १९८१ पासून संभाषण शिबिरे घेऊन सामान्य माणसालाही संस्कृत बोलता येते हे दाखवून दिले, आणि त्यांचे हे ऋण माझ्यासारखीने मान्य केलेच पाहिजे. पण दहा दिवसांत 'मम नाम' आले की पुढची शिडी सापडत नाही. 'मम नाम'पासून बाणभट्टापर्यंत पायरी पायरीने नेणारे, गोष्टीत गुंगवणारे पुस्तक आपल्याला हवे आहे. शास्त्रार्थाची परंपरा आपलीच. पाठशाळेतला विद्यार्थी संस्कृतात वाद घालून पंडित होत असे. ते आम्ही सोडून दिले आणि इंग्रज अमदानीतला भाषांतराचा पेपर धरून बसलो.

मराठी मुलाला तर लॅटिनमध्ये एक सोय आहे, ती इंग्रज मुलाला नाही. लॅटिन वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. इंग्रज मुलाला ते शोधायला धावावे लागते. आपण जन्मापासून क्रियापदाची वाट पाहत बोलणारी माणसे. तीन लिंगे आपल्याला आहेत, विभक्ती आहेत.

गेल्या जूनपासून दर शनिवारी दुपारी आमच्या सोप्यावर पाच मुले जमतात. ती पेढेवाली मुलगी आहे, आता बारावीत गेलेली. दोघे इतिहासाचे आहेत, एक नर्सिंग करणारी आहे आणि एक मुलगा दिवारचा. दोन तास लॅटिन, जमेल तसे. पहिल्या दिवशी मी सोपी वाक्ये घेतली. मांडवी फ्लुवियुस एस्त, मांडवी नदी आहे. दिवार इन्सुला एस्त, दिवार बेट आहे. मग मी विचारले, "एस्तने गोवा इन्सुला?" गोवा बेट आहे का? चौघे म्हणाले, "मिनिमे." मुळीच नाही. दिवारचा मुलगा मात्र ऐकेना. "एस्त! एस्त!" तिसवाडीला चारही बाजूंनी पाणी आहे, आणि जुन्या लोकांचे गोवा म्हणजे तिसवाडीच, हे त्याला सांगायचे होते आणि शब्द नव्हते. मी त्याला दोन शब्द दिले, 'ओलिम' म्हणजे पूर्वी आणि 'एरात' म्हणजे होता-होती-होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ओलिम गोवा इन्सुला एरात!" भूतकाळाचा तक्ता मी त्यांना अजून दिलेला नाही. भूतकाळ त्यांना आला आहे.

ऑगस्टमध्ये त्यांना जेवणाचे शब्द हवे झाले. मीठ मागायचे 'दा मिही सालेम'. ती मुलगी ताडकन म्हणाली, "देहि मह्यम्!" मिही आणि मह्यम् सख्खी भावंडे आहेत, हे मी तिला सांगितले नव्हते. ग्रीकमध्ये 'दोस मोइ' म्हणतात म्हटल्यावर तिने 'मे' आणून शेजारी ठेवले. भात 'ओरिझा'. मग हुमणाला, म्हणजे नारळाच्या रसातल्या माशांच्या कालवणाला, काय म्हणायचे यावर अर्धा तास गेला. रोमन लोकांना नारळ ठाऊक नव्हता. पातळ कालवणाला त्यांचा शब्द 'यूस'. मी तो उच्चारला आणि नर्सिंगवाली म्हणाली, "आमची आजी आजाऱ्याला मुगाचं यूष देते, ते?" तेच. दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या दोन स्वयंपाकघरांतला एकच शब्द, आणि तो सापडला फोंड्याला, हुमण शिजत असताना. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतक्या उजळलेल्या चेहऱ्यांचा वर्ग मी पाहिला नव्हता.

म्हणून माझी मागणी आहे. मे महिन्यात तीन आठवडे, वीस विद्यार्थी, एक घर. सेमिनारीतले, विद्यापीठातले, पाठशाळेतले, सगळे एकत्र. जेवायला दोन टेबले, एकावर संस्कृत, दुसऱ्यावर लॅटिन, आणि संध्याकाळी ग्रीक. ज्याला दोन्ही टेबलांवर बसायचे असेल त्याने एक दिवसाआड जागा बदलावी. जागा रायतूरला मिळाली तर फारच उत्तम. ख्रिस्तपुराण छापले गेले ते गाव आहे ते. नाही तर फोंड्यातली एखादी देवस्थानाची अग्रशाळा. सरकार, विद्यापीठ, चर्च आणि देवस्थाने यांनी मिळून भात-आमटीचा खर्च उचलावा. फ्रास्कातीच्या वर्षभराच्या निवासात फक्त मुलगेच घेतात, हे मला मुळीच पटलेले नाही. इथे मुली असल्याच पाहिजेत, निम्म्या तरी. परीक्षा नको, प्रमाणपत्र नको. गुण आले की पुन्हा तक्ते येतील. वादग्रस्त इतिहासावर दोन्ही समाजांच्या मुलांनी बोलावे, भांडावे, पण त्या घरात आहेत तोवर या जुन्या भाषांत. तिथे कुणाचीच मातृभाषा वरचढ नसते. शब्द शोधता शोधता माणूस समोरच्याचे ऐकून घेतो, हे मी शनिवारी पाहते.

आमच्या पाच जणांनी येत्या पावसाळ्यापर्यंत स्टीफन्सचे १५८३ चे ते पत्र मुळातून वाचायचे ठरवले आहे. भाषांविषयीचे पहिले वाक्य गेल्या शनिवारी मी सोप्यावरच्या फळ्यावर लिहिले. त्यातल्या 'सुंत' या शब्दावर बोट ठेवून ती मुलगी म्हणाली, "टीचर, सन्ति." आणि लगेच, मी न विचारता, पुढचा शब्द लावू लागली.